पुरणाच्या दिवशी एक गोळी जास्त

आमच्या घरात देवी वेळेवर यायची. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, धाकट्या दिलीपला शाळेत नेणारा रिक्षावाला कधी उगवेल याचाही नव्हता, पण भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दुपार कलली, पुरणपोळीचा तवा तापून तापून काळानिळा झाला, की आईच्या अंगात देवी यायची म्हणजे यायचीच. तुमच्याकडच्या गौरी त्या आमच्या महालक्ष्म्या. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत त्या घरोघरी बसायच्या, पण बोलायच्या फक्त आमच्याकडे. आधी आईच्या हातातला सराटा, म्हणजे उलथणं, थरथरायचा. मग कपाळावर, ओठांच्या वर, मानेवर घाम फुटायचा. चुलीच्या धगीने येतो तसा नव्हे, गार घाम. डोळे एका जागी लागायचे, जीभ जड व्हायची. आणि माझी आत्या, जी सकाळपासून याच घटकेवर डोळे लावून बसलेली असायची, ती दारात जाऊन ओरडायची, "आली वं, माय आली!" शेजारपाजारच्या बायका ओले हात पदराला पुसत धावत यायच्या. आईला धरून मुखवट्यांसमोर पाटावर बसवायचे, मळवट भरायचे, आणि माझे वडील, जे वर्षभर बायकोला नावानेसुद्धा हाक मारत नसत, "ऐकून राहिली काय" एवढ्यावरच ज्यांचा संसार चालला होता, ते तिच्यापुढे हात जोडून उभे राहायचे.

"माय, आमचं काही चुकलं काय?" ते विचारायचे.

आई डोलत असायची. बऱ्याच वेळाने तिच्या तोंडून शब्द यायचे, "भूक... भूक लागली."

हे लिहिताना आजही माझ्या मुठी आवळल्या जातात. बाई सांगते आहे, आपल्या मायबोलीत सांगते आहे, की मला भूक लागली. आणि घरात दाटीवाटीने उभ्या असलेल्या त्या माणसांपैकी एकालाही वाटू नये की हिला भूक लागली असेल! "माय भुकेली राहिली," आत्या म्हणायची, "औंदा काहीतरी कमी पडलं." मग लगेच पुढच्या वर्षाचा नवस. एका वर्षी अनारसे वाढले, एका वर्षी फुलोऱ्यात करंज्या वाढल्या, मग पाटोडी आली, मग घारगे आले. पदार्थ वाढले की रांधायला वेळ जास्त. रांधायला वेळ जास्त की नैवेद्य उशिरा. आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधणारीच्या तोंडात पाण्याशिवाय काही जायचं नाही, हा तर नियमच. म्हणजे देवीने भूक लागली म्हणायचं आणि तिला पुढच्या वर्षी अजून उशिरा जेवू घालायचं, असा हा आमच्या भक्तीचा हिशेब. शेवटी घाईघाईने नैवेद्य व्हायचा, आईच्या तोंडात अंबिलीचा चमचा आणि पुरणपोळीचा घास जायचा, आणि थोड्या वेळाने देवी निघून जायची. आई डोकं धरून भिंतीला टेकायची. तिला काही आठवत नसे. "तृप्त झाली माय," म्हणत बायका पानं वाढायला घ्यायच्या.

माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यावर मी अजून रागावलेली आहे आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली म्हणून तो राग काही उतरलेला नाही. ते धंतोलीत एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होते. धंतोली म्हणजे सगळा दवाखान्यांचा मोहल्ला. चंद्रपूर-यवतमाळकडून आलेले पेशंटांचे नातेवाईक हातात चिठ्ठ्या घेऊन त्यांच्यापुढे रांगेत उभे राहायचे आणि बाबा गोळ्यांची पाकिटं मोजून देताना दरडावायचे, "गोळी चुकवायची नाही, समजलं?" त्या काउंटरने त्यांच्या डोक्यात हवा गेली होती. गल्लीत त्यांना डॉक्टरांच्या खालोखाल मान होता. कुणाचा खोकला, कुणाचं पोट, कुणाची पाळी, सगळ्यांवर बाबांकडे गोळी होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय हे मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात पाहिलं.

आणि आई, कुसुम तिचं नाव. दहावीपर्यंत शिकलेली, वर्धा जिल्ह्यातल्या लहानशा गावातून आलेली. डोकं असं की गल्लीतल्या सगळ्या लेकरांच्या जन्मवेळा तिला तोंडपाठ. कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, कुणाच्या घरची चिंच कोणत्या साली मोहरली नाही, सगळं. शेजारच्या बायका जमाखर्चाचा गोंधळ झाला की तिच्याकडे यायच्या आणि ती भाकरी थापता थापता बेरीज सांगायची. गाणी तर इतकी यायची की मंगळागौरीला जागणाऱ्या पोरी थकायच्या, हिची गाणी संपायची नाहीत. मी बारावीला असताना रसायनाची समीकरणं मोठ्याने घोकायचे. एक दिवस मी अडखळले तर हिने कणीक मळता मळता पुढचं सांगितलं, अर्थ न कळता, नुसतं ऐकून. माझ्यात जी काही बुद्धी आहे ती या बाईची आहे. बाबांकडून मला फक्त नाक मिळालं.

तिला साखरेचा आजार निघाला तेव्हा बाबाच तिला धंतोलीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आत जाऊन बोलले बाबाच, आई स्टुलावर बसून होती. डॉक्टरांनी सांगितलं ते असं होतं, की सकाळी गोळी घ्यायची आणि गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचंच. बाबांनी घरी आणलं ते अर्धंच वाक्य. गोळी घ्यायची. ते सकाळी स्वतः हातावर गोळी ठेवायचे, ती गिळेपर्यंत उभे राहायचे, आणि त्यांना वाटायचं आपण बायकोची केवढी काळजी घेतो. जेवणाचं कोण बघतो? आमच्याकडे "आधी पोटोबा, मग विठोबा" ही म्हण रोज ऐकू यायची, पण ती पुरुषांच्या पोटोबापुरती. बाबांचं ताट, दिलीपचं ताट, आत्या आलेली असली तर आत्याचं ताट, मग मी, आणि मग उरलेल्या भातात उरलेलं वरण कालवून आई. तिला साखर झाली म्हणून घरातलं काहीही बदललं नाही, फक्त तिच्या चहातली साखर गेली. भात तोच, वेळ तीच, वर सोमवार, चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार. उपासाच्या दिवशी गोळीने उपास मोडतो का, असं आत्याने एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "औषधाले दोष नाही." म्हणजे गोळी चालते, घास चालत नाही.

आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी तर बाबांनी आपली सगळी काउंटरची अक्कल पणाला लावलेली असायची. पहाटे आई न्हाऊन सोवळ्यात आली, की ते तिच्या हातावर एकाऐवजी दोन गोळ्या ठेवायचे. "आज पुरण आहे, गोड जास्त होईन. एक जास्त घेऊन टाक." पुरण! जे तिच्या पोटात दुपार टळल्यावर जाणार होतं, त्याच्यासाठी पहाटे गोळी! आता माझ्या पर्समध्ये बोट टोचून साखर बघायचं यंत्र असतं, मलाही तो आजार आहेच, वारसाच तो. सीताबर्डीला जायला मेट्रोत बसले तरी सोबत दोन खजूर असतात. आमच्या सोसायटीतल्या तरण्याताठ्या बायका मोबाईल बघून सोळा-सोळा तास उपाशी राहतात आणि वर साखर उतरवायच्या गोळ्याही घेतात, आणि मी काही बोलले की "काकू, तुम्ही फार टेन्शन घेता" म्हणतात. मला त्यांच्या हातातला मोबाईल फेकून द्यावासा वाटतो.

त्या दिवसाच्या स्वयंपाकाचा आवाज मला अजून ऐकू येतो. पहाटेपासून पाट्यावर पुरण वाटायचं चालू, वरवंट्याची ती घरघर आणि मधेच आईच्या बांगड्या. आत्याचा मोठा आवाज, "कुसुम, भाज्या सोळाच्या सोळा पाहिजे हो, मोजून घे." ज्वारीची अंबील रटरटायची, तिचा आंबूस वास गल्लीपर्यंत जायचा. कढी, वडे, भजी, ताटभर चटण्या. तुपात तळलेल्या फुलोऱ्याच्या वस्तू दोऱ्याने वर बांधायच्या, देवींच्या डोक्यावर त्या झुलायच्या. वासानेच माणसाला भोवळ यावी असा तो स्वयंपाक, आणि तो करणारी बाई सकाळपासून नुसत्या पाण्यावर. आत्या पाटावर बसून देखरेख करायची. आत्यालाही उपासच असायचा, पण तिला साखर नव्हती, गोळी नव्हती, आणि चुलीपुढे बसायचं नव्हतं. तिला नुसतं बोलायचं होतं, आणि त्यात ती कधी थकली नाही.

मला कळलं ते उन्हामुळे. नागपूरच्या वैशाखात कुणी भोवंडलं की ऊन लागलं म्हणायचं आणि कैरीचं पन्हं द्यायचं, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. एका सोमवारी दुपारी आई वाळलेले कपडे परत पाण्याच्या बादलीत बुडवत होती. "काय करून राहिली?" म्हटलं तर माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. अंग घामाने थबथबलेलं. मी गूळ घालून पन्हं पाजलं, आणि चुलीवरची डाळ शिजायच्या आत ही ठणठणीत. "कपडे कोणी भिजवले?" म्हणून मलाच रागावली. ऊन लागलं होतं, उतरलं, विषय संपला. पण मग मार्गशीर्षात, थंडीने दात वाजत असताना, गुरुवारी तेच झालं. तेच डोळे, तोच गार घाम. मार्गशीर्षात कुणाला ऊन लागतं? मी गुळाचा चहा पाजला. पुन्हा ठणठणीत. मी तिच्यासमोर रिकामा पेला धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात आत्या ओरडत होती, आली वं, माय आली.

तोवर आईचे शब्द सांडायला लागले होते. झाऱ्याला ती "ते भोकाचं" म्हणायची. गाणं म्हणताना मधलं कडवं गाळायची आणि आपण गाळलं हे तिला कळायचं, मग चेहरा पडायचा. बेरजा विचारायला येणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या. घरात यावर हसायचे. "कुसुमचं ध्यान नसते आजकाल." मी त्या वर्षी विज्ञान शाखेला कॉलेजात होते. पुढच्या तपासणीला हट्टाने आईबरोबर गेले, आणि बाबा दुकानात गिऱ्हाइकांत अडकलेले पाहून तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना गाठलं. सगळं सांगितलं, देवीसुद्धा.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "गोळी घेतल्यावर आई जेवते कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर. उपास असला तर संध्याकाळी."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पोट उपाशी राहू शकतं," त्या म्हणाल्या, "अंगातून इकडून तिकडून काढून चालवून घेतं. मेंदूकडे साठवण नसते. रक्तातली साखर तुटली की तो बिथरतो. दिव्यातलं तेल संपलं की वात जळायला लागते ना, तसं. एखाद्या वेळी निभावतं. पुन्हा पुन्हा झालं तर वात उरत नाही." मग त्यांनी मला नीट समजावलं. शुद्धीवर असेल तर साखरेचं पाणी पाज, शुद्ध हरपलेली असेल तर पाणी ओतू नको, ठसका लागून जीव जाईल, साखर ओली करून गालाच्या आत चोळ आणि दवाखान्यात आण.

मी घरी सांगितलं नाही असं नाही. त्याच संध्याकाळी बाबा जेवत असताना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला नाही. "दोन बुकं शिकली नाही तं मले औषध शिकवून राहिली? माझ्या हातातून दिवसभरात किती गोळ्या जातात, मालूम आहे तुले?"

"गोळ्या जातात, बाबा. पण माणूस जेवलं की नाही, ते तुम्ही कुठं पाहता?"

"चूप बस! आणि देवीचं नाव काढायचं नाही. घराले लागून राहिलं ते पुण्य लागू दे." आई तव्यावर पोळी उलटत होती. नंतर मी महिनाभर तिच्या पाठीमागे लागून सकाळी तिला अर्धी भाकरी खायला लावत असे, आणि ती चोरी केल्यासारखी भिंतीकडे तोंड करून खात असे.

त्या वर्षी महालक्ष्म्या आल्या तेव्हा मी नेमकी बाजूला बसलेली. पाळी आली की चार दिवस मागच्या पडवीत, वेगळं पांघरूण, वेगळा पेला, आणि सणाच्या गर्दीत मला वाढायला कुणाला सवड नाही म्हणून एका जर्मनच्या डब्यात चिवडा, चहाची पूड आणि साखर. देवघराच्या दारापर्यंतसुद्धा मी जायचं नव्हतं. सकाळी बाबांनी दोन गोळ्या दिल्या ते मी पडवीतून पाहिलं. "आई, आधी काही खा," असं मी ओरडले तर आत्याच बोलली, "बाहेरच्या पोट्टीनं सोवळ्यात तोंड घालू नोको." आईने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. त्या वर्षी नवसाचे घारगे जास्तीचे होते.

दुपारी आत्याचा आवाज आला, "आली वं, माय आली!" पावलं धावली, घंटा वाजली, कुंकवाची वाटी पडल्याचा आवाज झाला. मी उभी राहिले. बाबांचा प्रश्न ऐकू आला, "माय, काही चुकलं काय?" मी उत्तराची वाट पाहत राहिले. उत्तर आलं नाही. पुन्हा प्रश्न, पुन्हा काही नाही. मग कुणीतरी बाई म्हणाली, "औंदा लय जोरात आली हो, दातखीळ बसली," आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. कौतुक! मी दारापर्यंत गेले. आई पाटावरून कलंडली होती, डोळे अर्धे पांढरे, एक हात आपोआप झटके देत होता. आणि ते सगळे हात जोडून.

मी डब्यातली साखर मुठीत घेतली, पेल्यातल्या पाण्याने ओली केली आणि आत शिरले.

"शिवू नोको!" आत्या किंचाळली. "विटाळ होते! अवं धरा तिले!"

बायका मागे सरल्या, कारण मला शिवलं तर त्यांचंही सोवळं मोडणार होतं. तो विटाळ पहिल्यांदा माझ्या कामी आला. फक्त बाबांनी माझं मनगट धरलं. "काय करून राहिली? देवी आहे अंगात!"

"सकाळी किती गोळ्या दिल्या, बाबा? सगळ्यांसमोर सांगा."

"पुरण असते आज, म्हणून..."

"पुरण तिच्या पोटात कुठं आहे? पुरण तिकडं परातीत आहे! सोडा हात. औषध आहे हे. औषधाले दोष नाही. तुमचेच बोल आहेत."

त्यांचा हात सैल पडला. पटलं म्हणून नव्हे, आपल्याच वाक्यात माणूस अडकतो म्हणून. मी आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या गालाच्या आत बोटाने साखर चोळत राहिले. तिचे दात माझ्या बोटाला लागत होते. मुखवटे समोर हसत होते, फुलोरा झुलत होता, आणि मी विटाळशी पोरगी देवघराच्या मधोमध बसून रडत, शिव्या देत साखर चोळत होते. कोणाला शिव्या देत होते ते मलाही ठाऊक नव्हतं, सगळ्यांनाच असाव्यात. हळूहळू हात थांबला. जबडा ढिला झाला. तिने गिळलं. मग मी साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. तिचे डोळे फिरत फिरत माझ्यावर आले आणि ती म्हणाली, "जळका वास येऊन राहिला. पोळी पाहून राहिलं काय कोणी?"

दवाखान्यात न्या म्हणून मी बाबांच्या पाया पडले. "उठून बसली ना आता," ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले. गल्लीतल्या बायका न जेवता गेल्या. आत्याने सगळा स्वयंपाक बाटला म्हणून बाहेर काढायला लावला आणि नव्याने नैवेद्य करायचा असं ठरवलं. नव्याने कोण करणार? आईच. ती उठली, पुन्हा न्हाली आणि पुन्हा पुरणाला डाळ घातली. एवढंच, की या वेळी तिच्या पोटात मी कोंबलेला चिवडा होता.

दिवेलागणीला ती पडवीत आली. माझ्यापासून हातभर लांब उभी राहिली. मला वाटलं जवळ घेईल.

"तुले कोणी सांगतलं होतं मधात पडायले?" ती म्हणाली.

"आई, तू मेली असती."

"मेली असती तं मेली असती." तिचा आवाज कापत होता, पण रागाने. "वर्षातून एक डाव तुझा बाप माझ्यापुढं हात जोडे. सणाचे दोन दिवस कोणी आवाज चढवून बोलत नसे मले. तुझी आत्या पाया पडे माझ्या. तेवढंच होतं वं मले ह्या घरात. तेही घेतलं तू."

मला तिचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. मग वर्षानुवर्षं तो राग मी उलटापालटा करून पाहिला आणि तो जिथला होता तिथे नेऊन ठेवला. ज्या घरात बाईला नवऱ्याचे जोडलेले हात बघायला स्वतःचा मेंदू उपाशी मारावा लागतो, त्या घराचा राग. ती काही ढोंग करत नव्हती, तिला त्यातलं काहीच आठवत नसे. तिला फक्त शुद्धीवर आल्यावर भोवतीच्या लोकांचे बदललेले डोळे दिसायचे, आणि त्या डोळ्यांसाठी ती वर्षभर जगायची. माझ्या साखरेने ती वाचली आणि तिची देवी गेली. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या असत्या असं मला अजून वाटत नाही, आणि तरी मी तेच पुन्हा करेन.

पुढच्या वर्षी देवी आली नाही. बाबांनी चूक झाली असं कधी म्हटलं नाही, पण पुरणाच्या दिवशीची जास्तीची गोळी बंद झाली. "पोट्टीनं बाटवली, माय रुसली," आत्या सांगत सुटली. काही वर्षांनी बाबांनाही साखर निघाली. आणि तेव्हा मला कळलं की डॉक्टरांचं वाक्य त्यांना पहिल्यापासून पूर्ण पाठ होतं. गोळी घेतली की ते पाटावर बसून ताटावर वाटी आपटायचे. "गोळी घेतली ना मी! जेवायले दे लवकर, चक्कर येते." वाक्याचा उत्तरार्ध त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. आई धावत ताट आणायची. हा माझा सगळ्यात जुना आणि सगळ्यात ताजा राग आहे.

आई पन्नाशीच्या पुढे गेली तशी विसरतच गेली. आधी शब्द, मग रस्ते, मग माणसं. डाळीत चहाची पूड पडू लागली. डॉक्टर म्हणाले, अनेक कारणं असतात, एकच असं सांगता येत नाही. बरोबर आहे त्यांचं. मला पुरावा देता येणार नाही. पण राग यायला पुरावा लागत नाही. नातेवाईक मात्र बिनदिक्कत सांगायचे, महालक्ष्मी रुसली म्हणून हिची अक्कल गेली, लेकीने विटाळ केला ना! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तिच्या शेवटच्या वर्षी महालक्ष्म्या दिलीपच्या नंदनवन वस्तीतल्या फ्लॅटवर बसल्या होत्या. बाबा भिंतीवर फोटोत होते. आत्या, खूप म्हातारी झालेली पण आवाज तोच, खुर्चीत बसून दिलीपच्या बायकोला, रेखाला, सोळा भाज्या मोजायला सांगत होती. रेखाला साखर नाही, पण सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं आणि ओठ सुकले होते. मी सकाळी तिला दोनदा सांगितलं होतं. "ताई, आजच्या दिवस राहू द्या," ती म्हणाली होती. आईला मी मुखवट्यांसमोर सतरंजीवर बसवलं होतं. माझं नाव तिने कित्येक दिवसांत घेतलं नव्हतं. दिलीपलाही ती "भाऊ" म्हणायची, अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

रेखाने नैवेद्याचं ताट आणून देवींपुढे ठेवलं आणि दिलीप घंटा शोधत होता, तेवढ्यात आई सरकत सरकत पुढे गेली. तिने ताटातली पुरणपोळी उचलली. सगळे "आई, आई" करत राहिले. ती पोळी हातात घेऊन रेखाकडे वळली, तिची हनुवटी धरली आणि घास तिच्या ओठांना लावला.

"खाय वं पोरी," ती म्हणाली. "तुले भूक लागली असन. भुकेनं डोकं कामातून जाते."

रेखा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

"गेलं वं हिचं डोकं पुरं," आत्या खुर्चीतून ओरडली. "देवाच्या आधी सुनेले चारते! उचला तिले तिथून." ज्या बाईच्या उपाशी बरळण्याला तिने वर्षानुवर्षं डोकं टेकवलं होतं, तीच बाई, तेच मुखवटे. दिलीप आईला उचलायला पुढे झाला. मी त्याला हात लावू दिला नाही. आई दुसरा घास मोडत होती. तो तिने माझ्यापुढे धरला, आणि मी तिच्यापुढे हात जोडले आणि खाल्ला.